सातिवलीला अडकलेलं गाढव

सिस्टर,

सोमवार होता. नाताळच्या सुट्टीआधीचा शेवटचा आठवडा, दुपारचे अडीच. मी सातवीत होते. तुम्ही मला शिशुवर्गासमोर उभं केलंत आणि माझं गाढव माझ्याच तोंडून मारवलंत. तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण म्हणून प्रकरण मिटलं असं मी मानत नाही.

तुम्ही विसरला असाल म्हणून सांगते. शाळेच्या व्हरांड्यात दरवर्षी नाताळचा गोठा मांडायचा मान सातवीच्या मुलींचा. भाताचा पेंढा, मरिया, जोसेफ, मेंढपाळ, एक गाय, एक गाढव, आणि मधली गव्हाणी रिकामी. बाळ येशू नाताळच्या रात्री मिस्सेच्या प्रार्थनेलाच ठेवायचा असा रिवाज, आणि तोवर शाळेला सुट्टी लागलेली. शाळा पुन्हा भरायची तेव्हा गोठा उतरवलेला असायचा. म्हणजे शाळेतल्या गव्हाणीत बाळ कधी कुणी पाहिलंच नाही. मोठ्यांना त्याचं काही वाटत नसे. शिशुवर्गातली मुलं मात्र रोज येऊन वाकून बघायची आणि मला विचारायची, "बाय, बाल कुठंय?" मी काय सांगणार? बाळ तुमच्या कपाटात कापसात गुंडाळून ठेवलंय म्हणून? मी सांगितलं, या मातीच्या गाढवाचा एक भाऊ आहे, खराखुरा. त्याच्या पाठीवरच्या टोपलीतून बाळ येतंय. पण गाढव खादाड आहे. वाटेत दिसेल त्या वाडीत थांबतं, केळीची पानं खातं. काल चंदनसारला होतं, आज सातिवलीला पोचलंय.

रोज मधल्या सुट्टीत मला गाढव थोडं पुढे न्यावं लागे. ती पोरं माझ्याभोवती दाटी करत. आयुष्यात कुणी माझं इतकं ऐकून घेतलं नाही, सिस्टर, नवऱ्याने तर नाहीच. मग त्यांनी गाढवासाठी डब्यातली भाकरी पेंढ्याखाली लपवायला सुरुवात केली, आणि सोमवारी संत जोसेफाच्या दाढीत लाल मुंग्या सापडल्या.

तुम्ही विचारताय, "हे कोणी सांगितलं?"

"मी, सिस्टर."

"आणि कुठे आहे तुझं गाढव?"

"सातिवलीला, सिस्टर."

मागे माझ्या वर्गातल्या मुली खिदळतात. तुमचा चेहरा अंगावरच्या झग्याच्या गळपट्टीसारखा पांढरा होतो. "देवाला कधी लेट होत नाही, समजलं? तोंड आहे की चक्की! चल, खोटं होतं म्हणून सांग सगळ्यांना."

मी सांगितलं. गाढव नाही, भाऊ नाही, मी खोटं बोलले. शिशुवर्गातली सगळ्यात बुटकी, नाकातून शेंबूड गळणारी, तुमच्याकडे बघून म्हणाली, "मंग बालाला कोन आननार?" तुम्ही टाळी वाजवून सगळ्यांना वर्गात पिटाळलंत.

त्यानंतर मी गोष्ट सांगितली नाही. एका विमा कचेरीत दावे तपासले, म्हणजे दुसऱ्यांच्या गोष्टी खोट्या ठरवल्या, आणि त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. शिकवण तुमचीच. निवृत्त झाले आणि एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये भिंती बघत बसले, तेव्हा लिहायला घेतलं. कुणी शिकवलं नाही. पहिल्या गोष्टीत सूर्योदय पानभर चालला होता. बिल्डिंगखालच्या बाकावर बसून पोरांना वाचून दाखवली, तर एक पोरगी म्हणते, "आजी, हे स्किप करा ना. डायरेक्ट मगर आणा." मी म्हटलं, तुझ्या आईला स्किप कर. पण घरी येऊन सूर्योदय काढला, आणि गोष्ट पळायला लागली, हेही खरं. तेव्हापासून मी कागदाकडे कमी आणि पोरांच्या गुडघ्यांकडे जास्त बघते. गुडघे खाजवायला लागले की तिथलं वाक्य कापायचं. हीच माझी शाळा, आणि तुमच्या शाळेपेक्षा बरी. इथे खोटं बोललं तर शिक्षा होत नाही, कंटाळवाणं बोललं तर होते.

आता एका प्रकाशनाला माझं गाढव हवंय. पुस्तक होतंय, सिस्टर. चित्रंसुद्धा झाली. सातिवलीत आता भातखाचरं नाहीत, गाळे आणि गोदामं आहेत, त्यामुळे गाढव टेम्पोंच्या रांगेत अडकतं आणि एका ड्रायव्हरचा वडापाव खातं. फक्त शेवटचं पान कोरं आहे. तिथली तरुण संपादक दर आठवड्याला फोन करते, "मॅडम, पोचतं की नाही ते?" मी तिला म्हणते, विचार करते आहे. आणि लिहायला बसले की तुम्ही टाळी वाजवता.

म्हणून मी पुरावा शोधला. येशूच्या जन्माची कथा बायबलमधल्या ज्या दोन शुभवर्तमानांत आहे ती दोन्ही पुन्हा वाचली, चष्मा पुसून. गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत, देवदूत आहेत. गाढव कुठेही नाही! मग तुमच्या गोठ्यात ते मातीचं गाढव कोणाच्या परवानगीने उभं होतं? फार पूर्वी कुणीतरी मुलांना ही कथा सांगत असेल. एखाद्या पोराने विचारलं असेल, दिवस भरलेली बाई एवढी वाट चालली कशी? आणि सांगणाऱ्याला बाईची दया येऊन त्याने गाढव आणलं असेल. त्याला कुणी शिशुवर्गासमोर उभं केलं नाही. त्याच्या गाढवासमोर तुम्ही रोज गुडघे टेकत होतात. एक संत प्रवचन करतात आणि मासे पाण्याबाहेर डोकी काढून ऐकतात, ही गोष्ट तर तुम्हीच आम्हाला सांगितलीत, आणि सांगताना तुमचे डोळे भरून आले होते. माशांना कान चालतात, माझ्या गाढवाला भाऊ चालत नाही?

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी टाकलं नसतं. तुम्ही लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं असतंत. पण लिहिलंच आहे, तर एक गोष्ट कबूल करते. त्या सोमवारी तुम्ही टाळी वाजवलीत तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. सुट्टीला चार दिवस होते आणि गाढव शाळेपर्यंत कसं आणायचं, आणलं तर गव्हाणीत काय ठेवायचं, मला सुचत नव्हतं. अजून सुचलेलं नाही. इतकी वर्षं मी दोष तुम्हाला देत आले, कारण तो द्यायला सोपा होता.

तेव्हा खुलासा बाजूला राहू द्या. माफीही नको. त्या बुटकीला तुम्ही उत्तर दिलं नाहीत म्हणजे ते तुमच्यापाशी नव्हतंच, असं मला वाटत नाही. तुम्ही जिथे आहात तिथून रस्ता नीट दिसत असेल. नाताळआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी पुस्तक छपाईला जाणार आहे. त्याच्या आदल्या शनिवारी संध्याकाळपर्यंत मला लेखी कळवा, गाढव आत्ता कुठवर आलंय.