मुलुंडच्या अंगणातली केळ

फैजपूर, जि. जळगाव
९ एप्रिल १९८६

प्रिय ताई,

लवूचा नमस्कार. मी बरा आहे. ऊन आताच डोक्यात जातं. इथं मासळीचं तोंड बघायला मिळत नाही, जिभेची पार वाट लागली. हे केळीच्या मळ्यातलं काम पण सोडीन म्हणतो. भावोजींना नमस्कार सांग. सासूबाईंना पण.

तू विचारलंस, केळ का वेत नाही, घड का धरत नाही. पानं आखूड, ताठ, शेंड्याला झाडूसारखी दाटलेली, असंच ना? ताई, तो रोग आहे. दक्षिणेतून आणलेल्या रोपांबरोबर आमच्या मळ्यात आला. मावा नावाची बारीक कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. औषध नाही. अशी केळ कधीच वेत नाही, कोणाच्याही अंगणात. आम्ही इथं रोज तेच करतो. घासलेट ओतून मावा मारायचा, मग कंदासकट खणायचं. हिरवीगार झाडं गं. संध्याकाळी जेवण जात नाही.

तू पण खण. न व्यालेली केळ तोडू नये, असं तुझी सासू म्हणेल. ती आणखी काय म्हणते तेही मला ठाऊक आहे. "जशी सून तशी केळ." आणि भावोजींना दुसरी बघायला सुरुवात झाली. तू लिहिलं नाहीस. गेल्या आठवड्यात वाकोल्याला घरी गेलो, तेव्हा आईनं सांगितलं. मुलुंडला मुद्दाम आलो नाही. हात उचलला असता.

आईची मोरीमागची केळ पण तशीच झालीय. तुझ्या केळीचं पिल्लू तिथूनच नेलेलं. मी आईला म्हटलं, "मावा उडत आला असं लिहितो. नाहीतर म्हणतील, माहेरानंच कीड पाठवली."

आई भांडी घासत होती. म्हणाली, "म्हणू देत. पिल्लू मी दिलं, रोग माझ्या घरचा, असंच लिही. माझ्या नीलीला कोणी केळीवरून बोलायचं नाही." मग राखेच्या हातानंच पदर डोळ्यांना लावला.

म्हणून लिहिलं. हे सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. वाचल्यावर सगळं नीट होईल असं मला वाटत नाही. त्यांना नवी सून आणायचीच असेल तर ते दुसरं काहीतरी शोधतील.

पुढच्या रविवारी मी येतोय. खड्डा दिसला तर चहा पिऊन जाईन. केळ उभी दिसली तर तुझी पेटी उचलीन. तेव्हा दारात रडत बसू नको, चपला घाल.

आईनं सांगितलं तसंच लिहिणारा,
तुझा लवू