कोपऱ्यातले दोन रिव्हेट

सोमवार, ३ नोव्हेंबर
दुपार

प्रिय भाऊजी यांस,
वहिनीचे आशीर्वाद.

तुमचं पत्र गेल्या आठवड्यात पोचलं. आईंना नेमका तेव्हा चष्मा सापडेना, म्हणून मलाच वाचून दाखवावं लागलं. त्यामुळे "वहिनींची हरकत नसेल तर त्यांचा हात धरायला मी तयार आहे, दादाच्या माघारी ते माझं कर्तव्यच आहे" हे वाक्यही मीच मोठ्यानं वाचलं. आईंनी ते परत वाचायला सांगितलं. मी परत वाचलं.

सुटीवर येण्याआधी तुम्हाला माझं उत्तर हवं आहे. याच पत्रात देते. पण आधी घरची खबरबात तर ऐका.

आईंची तब्येत ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण तोंड अजून दोघींना पुरून उरेल असं आहे. वर्ष उलटल्यावर हवाई दलाच्या कचेरीनं तुमच्या दादांच्या नावापुढचं "बेपत्ता" काढून "मृत" असं कळवलं, तेव्हा त्या दोन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उठल्या आणि त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर तुम्ही पाठवलेला पत्रा भिंतीवरून काढून माझ्या हातात दिला. "शेडमध्ये ने आणि थोरल्याच्या फोटोला याची चौकट करून आण," म्हणाल्या. त्याविषयी पुढे लिहिते.

माझं शेडमधलं काम चालू आहे. आमचा फोरमन, ज्याला आम्ही सगळ्या जणी 'भोंगा' म्हणतो, अजून तसाच ओरडतो. हवाई हल्ल्याचा खरा भोंगा वाजला तरी त्याच्यापुढे ऐकू यायचा नाही. विमानं येतात, गोळ्यांनी चाळण झालेली असतात, आम्ही त्यांना पत्र्याची ठिगळं लावून परत पाठवतो. मी रिव्हेट मारते, शेजारची पाठीमागून लोखंडी ठोकळा धरते. हात चालत असले की डोकं गप्प बसतं. म्हणून मी रजा घेत नाही.

घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना तुमच्या तोफेची गोष्ट ऐकल्याशिवाय चहा मिळत नाही. आता आईंना ती तुमच्यापेक्षाही चांगली सांगता येते. हल्ला चालू होता, आकाशात आपली आणि त्यांची विमानं एकमेकांत मिसळली होती, धाकट्याच्या तोफेनं नदीवरून खाली येणारं एक विमान टिपलं आणि ते पेटत जाऊन दलदलीत रुतलं. त्याच दिवशी थोरला गेला. मग आई पदरानं डोळे टिपतात आणि भिंतीकडे बोट दाखवतात. "थोरल्याला ज्यांनी मारलं, त्यांना धाकट्यानं पाडलं. हा बघा त्यांचा पत्रा. एकाच दिवसात सूड घेतला माझ्या लेकानं." लोक पत्र्याला हात लावून बघतात. कालच शेजारणीनं आपल्या मुलाला उचलून हात लावायला लावला.

पत्रा पाठवायला तुम्ही तयार नव्हता, हे मला ठाऊक आहे. आईंनी पत्रांवर पत्रं धाडली. बाकीच्या तोफांवरच्या पोरांनी पाडलेल्या विमानांचे तुकडे आपापल्या घरी नेले, मग माझ्याच घरी का नाही, म्हणून त्या रुसून बसल्या. शेवटी तुम्ही पाठवलात. आईला नाही म्हणणं तुम्हाला कधी जमलंच नाही.

त्या रविवारचं जेवण आठवतं का? तुमची तुकडी विमानतळाजवळ आली, त्यानंतर तुम्ही पहिल्यांदा घरी जेवायला आला होता. मिठाची बरणी म्हणजे विमानतळ, चमचा म्हणजे नदी, असं मांडून तुम्ही समजावून सांगत होता. आपल्या विमानानं नदीवरूनच यायचं, चाकं खाली सोडून, म्हणजे तोफेला कळतं की हा आपला. तुमचे दादा रोज त्याच वाटेनं आपलं विमान उतरवायचे. ते म्हणाले, "आणि एखादा विसरला तर?"

तुम्ही म्हणालात, "चाकं वर असली तर सख्खा भाऊ असला तरी सोडणार नाही."

"आधी तुझा गोळा कुणाला तरी लागू दे रे," ते म्हणाले. "तुझ्या तोफेनं आजवर कावळेच उडवलेत. बुजगावणं कुठलं."

आई किती हसल्या. मीही हसले. तुमचे कान मात्र लाल झाले होते. दुसऱ्या तोफांच्या नळ्यांवर पाडलेल्या विमानांची पांढरी कडी रंगवलेली होती आणि तुमची नळी कोरी होती, हे तुम्हाला किती लागत होतं ते त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. तुमच्या दादांच्या आलं नाही. ते तुम्हाला लहानपणापासून बुजगावणंच म्हणायचे आणि त्यात त्यांना मायाच वाटायची.

आता पत्र्याकडे येते.

शेडमध्ये जेवणाच्या सुटीत मी तो बाकावर ठेवला आणि पेट्रोलच्या बोळ्यानं पुसला. वरचा रंग तुम्ही सगळा खरवडला होता. घासून घासून चकचकीत केला होता. हे मला तेव्हाच खटकलं. तोफेवरची पोरं शत्रूच्या चिन्हाचा तुकडा मिळावा म्हणून भांडतात आणि तुम्ही तुमच्या पहिल्या विमानाचा रंगच काढून टाकलात. मग मी पत्रा उलटा केला. आतल्या बाजूला आमच्या शेडचा हिरवट लेप होता. तोही थोडा घासलेला होता, पण कोपऱ्यांत राहिला होता.

आणि मधोमध एक ठिगळ होतं, तळहाताएवढं. रिव्हेट सगळे सारख्या अंतरावर, फक्त एका कोपऱ्यात दोन जवळजवळ. तिथे माझं ड्रिल घसरलं होतं. जादा भोक पडलं, म्हणून जादा रिव्हेट मारावा लागला. त्यावरून भोंग्यानं अख्ख्या शेडसमोर माझी हजेरी घेतली होती. तुमचे दादा विमान न्यायला आले तेव्हा मी रडकुंडीला आले होते. त्यांनी त्या दोन रिव्हेटांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बरं झालं. आता माझं विमान शंभरात ओळखू येईल."

शंभरात कशाला, भाऊजी, एका तुकड्यावरून ओळखलं.

तुम्ही जाणूनबुजून तोफ डागलीत असं मी म्हणत नाही. चाकं वर होती, हे मी मानते. ती का वर होती हे आता कुणालाच कळायचं नाही. पण लहानपणी तुम्ही दोघं भाऊ विमानांच्या काळ्या आकृत्या भिंतीला लावून एकमेकांची परीक्षा घ्यायचात आणि त्यात दर वेळी तुम्ही जिंकायचात, असं आईच सांगतात. त्या दिवशी तुम्ही आकृती बघितली नाहीत. फक्त चाकं बघितलीत, कारण तुम्हाला कडं हवं होतं. दुसऱ्या दिवशी दलदलीत गेलात तेव्हा तुम्हाला कळलं. कळलं नसतं तर रंग खरवडला नसता. आणि कळूनही तुम्ही नळीवर कडं रंगवू दिलंत, पाठीवर थाप घेतलीत, बढती घेतलीत, आणि आईंना वर्षभर रोज दाराकडे बघत बसू दिलंत.

जेवणाची सुटी संपली तरी मी त्या बाकावरून उठले नव्हते. भोंगा आला, त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पहिल्यांदाच न ओरडता परत गेला.

मग मी चौकट केली. चांगली केली आहे, आजवर कुठल्या विमानावर इतकं नीट काम केलं नसेल. ठिगळ कापून टाकलं नाही. ते खालच्या पट्टीत बरोबर बसवलं, म्हणजे दोन रिव्हेट त्यांच्या फोटोच्या उजव्या खांद्याखाली येतात. आई रोज सकाळी फडक्यानं पुसतात. विचारत होत्या, "हे दोन असे जवळजवळ का गं?" मी म्हटलं, "शत्रूची कारागिरी, आई. आपल्यासारखी नीटस नसते."

आईंना मी काहीही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. त्यांचा एक मुलगा गेला. उरलेल्यावर त्या जगतात. हे त्यांच्या कानावर गेलं तर त्या जगायच्या नाहीत. तुम्हीही सांगायचं नाही. कधी मन भरून आलं, पाय धरून सगळं ओकून टाकावंसं वाटलं, तरी गिळायचं. मी गिळलं आहे, तुम्हालाही जमेल.

आता उत्तर. माझा होकार आहे.

आईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मला जवळ घेतलं आणि खूप रडल्या. घरचं माणूस घरातच राहिलं, म्हणाल्या. तुम्ही सुटीवर याल त्याच आठवड्यात लग्न उरकून घेऊ, गाजावाजा नको. तुमच्या दादांची खोली आपल्याला दिली आहे. पलंग तोच आहे. फोटो बाहेरच्या भिंतीवरून काढून आपल्या खोलीत लावायचा, पलंगासमोर, म्हणजे थोरल्याचा आशीर्वाद राहील, असं आईंचं म्हणणं पडलं. खिळा मी ठोकून ठेवला आहे.

मी तुम्हाला वेळेवर जेवायला वाढीन. चारचौघांत तुमचा मान ठेवीन. आजारी पडलात तर उशाशी बसेन. या विषयावर तुमच्याशी पुन्हा एक शब्द बोलणार नाही आणि तुम्हालाही बोलू देणार नाही. माफी मागायची नाही. मागितलीत तर एखाद्या दिवशी मला दया येईल, मी देऊन टाकीन आणि तुम्ही सुटाल. ते मला नको आहे.

नाही म्हणायची तुम्हाला अजून मोकळीक आहे. पण मग आईंना कारण तुम्हीच सांगायचं, त्या फोटोखाली उभं राहून.

हवा बदलली आहे, अंगावर गरम कपडे घाला. तब्येतीला जपा. तुम्ही खूप खूप जगावं असं मला मनापासून वाटतं.

सुटीला याल तोवर,
तुमची वहिनी