दोन बेटांची मोडकी यादी

४ जुलै
बिशपांचं पत्र आलं! तीन पानं. 'नूतनीकरण' हा शब्द चौदा वेळा — मोजला, मास्तरकीची खोड. 'पाद्री' एकदाच, तोही 'पाद्र्यांच्या तीव्र टंचाईमुळे' असा. थोडक्यात, बेटं अकरा, चर्चं अकरा आणि फादर आन्सेल्मो एक. म्हणून दोन-दोन चर्चांची जोडी लावायची, सामान दोघांनी मिळून वापरायचं. अकरांच्या जोड्या कशा लागतात ते पत्रात नाही.
आमची जोडी समोरच्या काउकावेल बेटाशी! म्हणजे झुनिल्दाबाईंशी. खाडी ओलांडायला वीस मिनिटं लागतात. आम्हा दोघांना चाळीस वर्षं पुरली नाहीत.
नोल्बेर्तो होडीवाला पत्र हातात देताना म्हणाला, "गुरुजी, या वयात लग्न लावतायत तुमचं!" गाढव. तिसरीत दोनदा बसला होता.

७ जुलै
टंचाई म्हणे! मी इथला फिस्काल — पाद्री नसताना किल्ली, घंटा आणि प्रार्थना सांभाळणारा. पाद्री नसतात वर्षातले तीनशे साठ दिवस. माझे आजोबा फिस्काल होते, त्यांचेही आजोबा. पलीकडे झुनिल्दाबाई आहेत. आम्हीच बाळांवर बाप्तिस्म्याचं पाणी घालतो, मेलेल्यांवर माती. बिशपांना टंचाई आत्ता दिसली!

१६ जुलै
नूतनीकरणाची सभा, आमच्याच चर्चमध्ये. शहरातून यास्ना नावाची पोरगी आली होती. रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. "डोळे मिटा आणि तुमच्या स्वप्नातलं चर्च बघा." डोळे मिटले. चार म्हाताऱ्या झोपल्या. आमच्या चिलोए बेटांवर जुलै म्हणजे ऐन हिवाळा, त्यात कोणाला डोळे मिटायला सांगू नये.
मी चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या —
  भरती येते, ओहोटी जाते, वाळू तीच खरी,
  पाद्री येवो, पाद्री जावो, संत राही घरी.
पोरगी म्हणाली, "छान आहे आजोबा, पण मुद्द्यात लिहा ना."
मागून झुनिल्दाबाई — "त्यांना मुद्दा कधी सापडलाय, बाळ?"
सगळे हसले. माझ्या चर्चमध्ये!
जाताना पोरगीने सांगितलं, दोन्ही चर्चांनी सामानाची यादी पाठवायची. काय आहे, कसं आहे, सगळं.

२० जुलै
यादी. पुन्हा यादी.
एकोणीस वर्षांपूर्वी शाळा बंद झाली तेव्हाही यादीच मागितली होती. मी मोत्यांसारख्या अक्षरात खरी खरी लिहिली. जगाचा नकाशा एक, उत्तम. फळा एक, उत्तम. कवितांची पुस्तकं एकतीस, उत्तम. महिन्याभरात बोट आली आणि 'उत्तम' ते सगळं उचलून मोठ्या शाळेत घेऊन गेली. नकाशाचा खिळा तेवढा भिंतीत राहिला.
लाकडी छपरावर पाऊस वाजायचा आणि खाली सव्वीस मुलं एका सुरात कविता म्हणायची. तिसऱ्या बाकावरचा एक आवाज नेहमी अर्धा शब्द मागे. तो मागे पडलेला अर्धा शब्द मला अजून ऐकू येतो.
नाही! या वेळी खरं लिहायचं नाही.

२३ जुलै
नोल्बेर्तोला हाताशी धरलं. चांगली घंटा त्याच्या कोठारात, बियाण्याच्या बटाट्यांखाली. आमच्या संत मिगेलच्या मूर्तीचा चांदीचा मुकुट माझ्या पिठाच्या डब्यात.
यादी — घंटा, तडा गेलेली. झगे, कसर लागलेले. छप्पर, गळकं. खांब, पोखरलेले. संताची तलवार, वाकलेली. (ती खरंच वाकलेली आहे. एक तरी खरं असावं.)
खोट्याची कबुली द्यायला हवी. पण कोणाला? फादर येणार थेट सप्टेंबरच्या शेवटी.

८ ऑगस्ट
नोल्बेर्तो बातमी घेऊन आला. झुनिल्दाबाईंनी त्यांची पायपेटी डुकरांच्या गोठ्यात लपवलीय! यादीत लिहिलं, 'उंदरांनी खाल्ली.'
केवढा खोटेपणा! माझ्या लग्नात वाजलेली पेटी ती.

२ सप्टेंबर
पत्र. एकच पान. 'आपण पाठवलेल्या याद्यांवरून दोन्ही चर्चं उपासनेस अयोग्य असल्याचे दिसते.' एकोणतीस सप्टेंबरला, संत मिगेलच्या सणाला, फादर आन्सेल्मो येऊन शेवटची मिस्सा (पाद्र्यानेच करायची उपासना) म्हणतील आणि दोन्ही किल्ल्या घेऊन जातील. मूर्ती शहराच्या संग्रहालयात.

३ सप्टेंबर
शाळा खरं बोलून गेली. चर्च खोटं बोलून चाललं. मुलांना मी इतकी वर्षं शिकवलं तरी काय?

६ सप्टेंबर
काउकावेलला गेलो. शेवटी!
झुनिल्दाबाई चुलीशी बटाटे किसत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पेटी बघायला आलात की माफी मागायला?"
"तुम्ही काय काय लिहिलंत ते बघायला."
त्यांनी नक्कल पुढे टाकली. मी माझी ठेवली. त्यांचंही छप्पर गळकं, खांब पोखरलेले. पोखरणारा किडासुद्धा एकच!
"तुम्हाला खोटंही नीट लिहिता येत नाही, गुरुजी," त्या म्हणाल्या. "जरा हात राखून लिहायचं ना!"
"आणि उंदीर पेटी खातात?"
आधी त्या हसल्या, मग मी. मग त्यांनी किसणी बाजूला ठेवली.
"एक्क्याऐंशी झाली मला. माझ्यावर माती टाकताना प्रार्थना कोण म्हणणार? पोस्टाने पाठवणार बिशप?"
ठरलं. लपवलेलं सगळं बाहेर काढायचं आणि सणाला फादरांच्या समोर मांडायचं. त्यांच्या चर्चची कांदेलारिया माऊली, मरियेची मूर्ती, होडीतून आमच्या संताला भेटायला येईल, पूर्वी यायची तशी.
"पण या वेळी तुमचा संत वाकणार का?"
मेख तीच. पाहुणी मूर्ती किनाऱ्याला लागली की यजमान संताची पालखी आधी वाकवायची, ही रीत. चाळीस वर्षांपूर्वी पुढच्या दांडीला मी होतो. वाकलो नाही. का ते आता आठवतही नाही. आठवतं, पण लिहीत नाही.

२८ सप्टेंबर
घंटा चढवली. आतून तीन बटाटे निघाले, कोंब फुटलेले. मुकुटातलं पीठ काही जात नाही.

२९ सप्टेंबर
आली! माऊली पुढच्या होडीत, ताडपत्रीखाली पेटी मागच्या होडीत. वास अर्ध्या खाडीवरूनच आला.
पुढची दांडी मी घेतली. गुडघे नको म्हणत होते. वाकलो. चांगला चिखलापर्यंत वाकलो.
"पुरे, गुरुजी, संत पडेल!" झुनिल्दाबाई ओरडल्या. डोळे पुसत होत्या. पाऊस असेल.
मग सगळे धक्क्यावर, फादरांची वाट बघत. घंटा उत्तम, पेटी उत्तम, झगे उत्तम. यादी पाठ करून ठेवली होती. किल्ली खिशात, घामाने ओली.
चार वाजले. होडी नाही. खड्ड्यात भाजलेले शिंपले-बटाटे संपले. शेवटी प्रार्थना आम्हीच म्हटल्या, नेहमीसारख्या.

४ ऑक्टोबर
पत्र! फादर आन्सेल्मोंची बदली झाली, तिकडे टंचाई जास्त आहे. बदली पाद्री नाही. 'शेवटची मिस्सा पाद्र्याविना होऊ शकत नसल्याने चर्च बंद करण्याचे काम पाद्री उपलब्ध होईपर्यंत स्थगित.' बंद करायलाही पाद्री नाही! टंचाई चिरायू होवो!
झुनिल्दाबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी माझी किल्ली मागून घेतली, स्वतःची माझ्या हातात ठेवली.
"आधी कोण जाईल ते कुणाला ठाऊक? उरेल त्याला दुसऱ्याचं दार उघडता यायला हवं."