त्या दिवशी चिमणी बोलली नाही

आबा, आज शाळेत मला एकीनं विचारलं, ती चिमणी मेली होती का. मी म्हणाले, मला आठवत नाही. घरी आले, आईला चहा करून दिला आणि ओट्यावर हे लिहायला बसले. तुम्हाला मी याआधी कधीच लिहिलं नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते, आणि तोवर एकाच घरात राहणाऱ्या माणसाला कोण पत्र लिहितं? आता मी पदवीधर आहे, पूर्णेच्या एका शाळेत मराठी शिकवते, लोक मला मॅडम म्हणतात. तुमच्या घरातली पहिली शिकलेली पोर एका चिमणीबद्दल खोटं बोलून आली, हे सांगायला दुसरं कोणी सुचलं नाही.

तुम्हाला ‘उंटाचं’ आठवतं का? त्या कार्टूनचं खरं नाव हिंदीत काहीतरी लांबलचक होतं, पण गावात सगळी पोरं त्याला नुसतं ‘उंटाचं’ म्हणायची. वाळवंटात काफिल्यापासून चुकलेलं उंटाचं पिल्लू, त्याच्या गळ्यात घंटा, पाठीवर एक चिमणी. पिल्लू आईला शोधत चालायचं आणि चिमणी सारखी बडबडायची. तिचं हिंदी आम्हाला अर्धंच कळायचं, पण ती बोलायला लागली की हसू यायचं. शनिवारी शाळा सकाळची असायची. ती सुटली की आम्ही दप्तरासकट आपल्या ओट्याकडे पळत सुटायचो. पूर्णेच्या मामांनी रंगीत टीव्ही घेतला आणि जुना आपल्याला दिला, तेव्हा आई म्हणाली होती, “आत ठेवा, धूळ बसंल.” तुम्ही म्हणालात, “आत ठिवला तर बघणार कोण? आपुन तिघं?” आणि दर शनिवारी तो उचलून ओट्यावर आणायचात, तोंड रस्त्याकडे करून. अँटेना फिरवताना वरून ओरडायचात, “आल्या का मुंग्या? गेल्या का?” खाली अंगणात सगळी पोरं एका आवाजात ओरडायची, “आल्याऽऽ!” आमच्या आळीतली, मारुतीच्या पाराकडची आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीतलीही. जो आधी येईल तो पुढे. मी घरची असून कितीदा मागे बसले आहे, आणि मला त्याचा रागही यायचा.

आज ज्या बाईनं विचारलं ती त्या वस्तीतलीच, माझ्याच वर्गातली. आता आम्ही एकाच शाळेत शिकवतो. तेव्हा ती नेहमी माझ्या पुढे बसायची आणि तिच्या दोन वेण्या नेमक्या माझ्या आणि टीव्हीच्या मध्ये यायच्या.

मग ती संध्याकाळ आली. थोरले काका भावकीतल्या दोघांना घेऊन आले. बसायला घोंगडी टाकली तरी ते बसले नाहीत. म्हणाले, “काय रे, तुझ्या ओट्यावर जत्रा भरायलीय का दर शनिवारी?”

“लेकरं हायत, दादा. उंट बघतेत अन् जातेत.”

“आज लेकरं, उद्या त्यांचे बाप. तिकडं इद्यापीठाच्या नावावरून गावं पेटली, ती अजून धुमसायलीत, अन् इकडं तू त्यांना मांडीला मांडी लावून बसवायलास. पेरणीला बैल कुणाचा लावणार हायेस? का ह्या टीव्हीलाच जुंपतोस औताला?”

बरोबरचे दोघं हसले. आईचं भाकरी थापणं थांबलं. आपला एक बैल आणि काकांचा एक, असं मिळून दोन्ही घरांचं औत चालायचं. एकट्या बैलानं काय पेरणार? मला अजून दिसतं, तुम्ही पायाच्या अंगठ्यानं जमीन कोरत उभे आहात, माझ्या वर्गातल्या उत्तर न येणाऱ्या मुलासारखे.

त्या शनिवारी टीव्ही आतच राहिला, धान्याच्या पेटीवर. खिडकीला तुम्ही पोतं लावलंत. पोरं आली तशी ओट्यावर जाऊन म्हणालात, “आजपासून न्हाई रे लेकरांनो. मशीन बिघडलंय.” आणि तेवढ्यात आतून ‘उंटाचं’चं गाणं सुरू झालं. मीच लावलं होतं. मला काय माहीत, तुम्ही बाहेर काय सांगताय! तुम्ही आत आलात. मला वाटलं, रागावणार. पण तुम्ही नुसते उभे राहिलात, आणि मी मान न वळवताच म्हणाले, “बरं झालं आबा. आता कुणाचं डोकं मधी येत न्हाई.”

“लय बरं वाटायलंय का तुला?”

“हो.”

तुम्ही दाराकडे वळलात. मग म्हणालात, “आवाज मोठा ठेव,” आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलंत. दर शनिवारी मग तसंच. मी आत, पेटीसमोर एकटी, आणि तुम्ही बाहेर दाराला पाठ टेकून. मध्येच तुमच्या बोटाची टकटक व्हायची, “वाढव की गं जरा.” मला वाटायचं, तुम्हालाही उंटाचं आवडतं, फक्त मोठ्या माणसाला कार्टून बघायची लाज वाटते.

गेल्या आठवड्यात शाळेत विद्यापीठाच्या नामांतरानिमित्त छोटा कार्यक्रम झाला. मी बोलले. तुमच्याबद्दल बोलले, आबा. माझे वडील टीव्ही ओट्यावर ठेवायचे, सगळ्या गावाची पोरं एका अंगणात बसायची, समता मी पुस्तकात नंतर वाचली आणि अंगणात आधी पाहिली, असं काहीतरी. मनापासून बोलले. टाळ्या पडल्या. तिनेही वाजवल्या. माझं भाषण अंगणातच संपलं.

आज मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, “तुझ्या आबाचं चांगलं सांगितलंस. पर अर्धंच सांगितलंस की गं. पुढचं मी सांगू का?” ती हसत होती. “आमी शनिवारी येतच होतो. तुमच्या भिंतीमागं लिंब न्हाई का, त्याच्याखाली बसायचो. तुझे आबा ओट्यावरून वाकून आमाला बघायचे, अन् दार वाजवून तुला आवाज वाढवायला सांगायचे. सगळं ऐकलंय आमी. चित्रं आपली आपण करायची.” मग तिनं विचारलं, “उंटाच्या शेवटच्या भागात काय झालं होतं गं? घंटा वाजली, मग आणखी एक घंटा वाजली, मग नुसतं वारं. चिमणी एक शब्द बोलली न्हाई. माझा धाकटा भाऊ तर रडला. चिमणी मेली म्हणून.”

मी म्हणाले, मला आठवत नाही. ती म्हणाली, “असू दे, लय दिवस झाले,” आणि तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या पोळीवर वाढली.

मला तो शेवट आठवत नाही असं कसं होईल? त्या दिवशी तुम्हीही दार वाजवलं होतंत. “आवाज गेला का गं?” मी आतूनच वैतागून म्हणाले, “न्हाई आबा, आज कुणी बोलतच न्हाई!” तुम्ही “बरं” म्हणालात. संध्याकाळीही विचारलं नाहीत. त्या पावसाळ्यात दोन बैलांनी पेरणी झाली. टीव्ही तुम्ही पुन्हा ओट्यावर नेला नाहीत, आणि मीही न्या म्हणाले नाही. म्हणजे तो शेवट तुम्हालाही माहीत नाही, आबा. ऐका. वावटळ सुटलेली असते. पिल्लू थांबतं, त्याची घंटा वाजते. मग दुसरी घंटा वाजते, ती त्याच्या आईची. ती वाळूतून येते आणि पिल्लाला आपल्या पोटाखाली घेऊन वाऱ्याकडे पाठ करून उभी राहते. आणि चिमणी मेलेली नसते. ती पिल्लाच्या पाठीवर, पंखात चोच खुपसून झोपलेली असते. इतके दिवस बडबडून दमली होती बिचारी. म्हणून बोलली नाही.

एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात. पण ते सांगायचं तर मी कुठे बसून पाहिलं तेही सांगावं लागतं. आणि मला वाईट वाटत होतं असं मला सांगता येणार नाही. लहानपणाची आठवण काढली की मला अंगण आठवतं, पण सुख आठवायला बसले तर ते पोतं लावलेली खोली आठवते, गार शेणानं सारवलेली जमीन, समोर फक्त माझा उंट, मध्ये कोणाचंही डोकं नाही. इतकं शिकूनही ते सुख कडू होत नाही. भाषणात मी तुमचं अंगण वापरलं आणि मनात तुम्ही ओढून घेतलेलं दार जपून ठेवलं.

उद्या शनिवार आहे, शाळा सकाळची. मी तिच्याआधी पोचेन आणि ती आली की सांगेन, आधी खोलीचं, मग चिमणीचं. ती काय म्हणेल ते म्हणो. तिच्या भावालाही कळेल, तो आता मोठा झाला असला तरी.

हे पत्र कुठे टाकायचं, हा प्रश्नच नाही. आणि खरं सांगू का आबा, हे तुमच्यासाठी लिहिलंच नव्हतं. तिला कसं सांगायचं ते जमत नव्हतं, म्हणून आधी तुम्हाला सांगून पाहिलं.