गरम असताना बंद पडणारी गाडी गरम असतानाच तपासावी

प्रति,
मा. वाहन विभाग प्रमुख,
नगर स्वच्छता कार्यालय.

विषय : मृत जनावरे वाहणारा जुना पेट्रोल ट्रक मुद्दाम बंद पाडल्याच्या आरोपाचा खुलासा व गाडीची भर दुपारी तपासणी होणेबाबत.

संदर्भ : आपली बडतर्फीची कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

अर्जदार हा वरील ट्रकचा चालक आहे. कार्यशाळेने गाडी वेळोवेळी निर्दोष ठरवली असताना अर्जदार ती रस्त्यात मुद्दाम बंद पाडतो व आराम करतो, असे नोटिशीत म्हटले आहे. फुगलेल्या म्हशीशेजारी उन्हात आराम कसा करतात, हे नोटीस लिहिणाऱ्याने एकदा करून दाखवावे. अर्जदाराची नोकरी या एका वाक्यावर लटकली आहे, म्हणून सविस्तर लिहिणे भाग आहे.

१. गाडी सकाळी पहिल्याच सेल्फला चालू होते. दुपारी, भरलेली असताना, इंजिन तापले की चालता चालता गप्प होते. प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली तर ठिणगी पडत नाही. गाडी निवली की पुन्हा शहाण्यासारखी चालू लागते. अर्जदाराला आधी पेट्रोलमधल्या कचऱ्याचा संशय आला व त्याने टाकी साफ करून घेतली. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

२. कार्यशाळेचा नियम असा की, ही गाडी धुऊन, रात्रभर उघड्यावर ठेवून, वास गेल्याशिवाय आत घ्यायची नाही. मिस्त्री लोकांना शिसारी येते, हे अर्जदार समजू शकतो. त्यालाही येते. परंतु वास जाईपर्यंत गाडी गार होते, गार झाली की चालू होते, आणि मुकादम दारातूनच, नाकावर रुमाल धरून, "निर्दोष" असा शेरा मारतात. आजवरच्या सर्व तपासण्या अशाच झाल्या आहेत. एकदाही बॉनेट उघडलेले नाही.

३. मागील आठवड्यात गाडी एका घराच्या खिडकीखाली बंद पडली. लोक जेवायला बसले होते. अर्जदार बॉनेट उघडून वाकलेला असताना त्या घरातील बाईंनी फरशी पुसलेल्या पाण्याची अख्खी बादली त्याच्या अंगावर रिकामी केली. अर्जदाराच्या तोंडातही थोडे गेले. त्यातले बरेचसे पाणी इंजिनाशेजारच्या कॉइलवर, म्हणजे ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या डबीवर पडले. अर्जदाराने केवळ पळून जाण्यासाठी सेल्फ मारला, तर गाडी चालू. त्यानंतर दरवेळी त्याने नुसते ओले फडके कॉइलवर ठेवून पाहिले. फडके ठेवले की ठिणगी येते, न ठेवता तासभर थांबावे लागते. दोष कॉइलचा आहे, यात आता शंका नाही.

४. हे मुकादमांना सांगितले असता त्यांनी दोषांच्या छापील यादीत असा दोष नसल्याचे सांगून हात झटकले व साक्षीदार आणा म्हणाले. अर्जदार त्या बाईंकडे गेला. त्यांनी दार अर्धेच उघडले. म्हणाल्या, "पाणी मी गाडीवर नाही, तुमच्यावर टाकलं होतं. तुमची गाडी चालू झाली त्याला मी काय करू?" महोदय, या सगळ्या प्रकरणात खरे बोलणारे एवढे एकच माणूस अर्जदाराला भेटले. लेखी द्यायला मात्र त्या तयार नाहीत, कारण कागद घ्यायला अर्जदार पुन्हा दारात येईल.

५. नोटीस घरी वाचली गेली. अर्जदाराची पत्नी त्याला जिन्यातच आंघोळीचे पाणी देते, ताट हातभर लांबून सरकवते, आणि आजवर त्याबद्दल एक शब्द बोललेली नाही. नोटीस वाचून ती एवढेच म्हणाली, "म्हणजे तुम्ही मुद्दाम थांबत होतात?" अर्जदाराला वासाची सवय झाली आहे. या प्रश्नाची होत नाही. त्याला या कार्यालयाची, त्या रुमालाची आणि त्या शेऱ्याची किळस आली आहे, आणि हे लिहिताना त्याला संकोच वाटत नाही.

सबब विनंती की, आपण उद्या दुपारी, गाडी भरलेली व तापलेली असताना, स्वतः उभे राहून तपासणी करावी. ओल्या फडक्याने ठिणगी आली नाही तर अर्जदार तिथेच बडतर्फी स्वीकारील. आली तर कॉइल बदलावी, आणि गाडी आपोआप बंद पडत होती, चालक थांबत नव्हता, असे सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे. कार्यालयाला तो कागद फाइल करण्याची गरज नाही. तो अर्जदाराच्या पत्नीच्या नावाने द्यावा.

आपला, नाइलाजाने त्याच गाडीवरचा,
चालक
(सही)

दिनांक : चौकशीच्या आदल्या दिवशी

सोबत :
१. नोटिशीची प्रत.
२. "निर्दोष" शेऱ्यांच्या प्रती.
३. अर्जदाराचा कालचा शर्ट, न धुतलेला, पिशवीत गाठ मारून. साक्षीदार मागितला होता म्हणून जोडला आहे. कृपया आपणच उघडावी, शिपायाला सांगू नये.