न लागलेलं तिकीट कुणाचं

मी चोर नाही. श्रीपाद गुरुजींनी दिलेल्या नमुन्यात हे वाक्य कुठेच नाही, तिथे सगळ्यात वर 'श्री' आहे. पण देवाचं नाव लिहून मग त्याच्याखाली भांडायचं हे मला बरं दिसत नाही, म्हणून भांडण आधी लिहिते. भिंतीला भिंत लावून राहणारी शालनबाई सात वर्षं माझ्याशी बोलत नाही. माझ्या दारावरून जाताना पदर आवळून घेते, जशी काही माझ्या घरातून राख उडते. आणि हे सगळं एका क्रिकेटच्या बॅटीपायी. आम्हा दोघींना त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. तिने मला तोंडावर चोर म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर तेव्हाच कडाकडा भांडून मोकळी झाले असते.

आता श्री.

॥ श्री ॥

मी, अंबुबाई रखमाजी कड, वय सत्तरीच्या आसपास, धंदा खानावळ, राहणार भोसरी गावठाण, तालुका हवेली, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात गुरुजींनी शिकवलं तेवढंच लिहिता येतं. अक्षर वाकडं आहे, समजून घ्यावं. नमुन्यात 'माझी बुद्धी शाबूत असून' असं आहे. ती शाबूत आहे. फक्त बॅटीच्या बाबतीत चालत नाही, पण तिथे गुरुजींचीही चाललेली नाही, म्हणून त्यावरून कोणी मला खुळी ठरवू नये. हा कागद लिहिताना मला कोणी दम दिलेला नाही. या घरात दम देणारा एकच माणूस होता, तो अठ्ठावन्न साली वारला. डॉक्टरने छातीत पाणी सांगितलंय, म्हणून घाई.

कलम एक. घर. पुढच्या दोन खोल्या माझा मुलगा दत्तोबा याच्या. मागची खोली, जिच्यात शालनबाई भाड्याने राहते, तीही त्याचीच, पण शालनबाई जिवंत आहे तोवर तिला तिथून कोणी उठवायचं नाही. दत्तोबाची बायको पद्मा मला म्हणाली होती, "आत्याबाई, ती बोलत न्हाई तर काढून का टाकत न्हाई?" मी म्हटलं, "ती गेल्यावर मी कुणाशी बोलायचं न्हाई गं?" तेच इथे पक्कं करते.

कलम दोन. पोस्टाच्या पुस्तकात आहे ते माझे दिवस घालून उरेल तेवढं नात मृदुला हिच्या शिक्षणाला. लग्नाला नाही. लग्नाला तिचा बाप आहे.

कलम तीन. नथ पद्माला. मी मेल्यावर घालावी. मी बाजारात गेले की ती आरशापुढे घालून बघते, ते मला ठाऊक आहे. दिसते बरी.

कलम चार. खानावळीची भांडी. आमचं रान एम.आय.डी.सी.त गेलं, तिथे वर्कशॉप उभी राहिली, आणि गावोगावचे कामगार आमच्या गल्लीत खोल्या करून राहायला लागले. त्यांना जेवायला घालायचं म्हणून मी चूल मोठी केली. शालनबाई उस्मानाबादकडची. नवरा फाउंड्रीत कामावर असताना वारला तेव्हा तिच्याजवळ एक परात होती, बाकी काही नाही. ती भाकऱ्या थापायची, मी कालवण करायची. बोलणं तुटलं तशी खानावळही दोन झाली. एका अंगणात दोन चुली. कामगारांनी त्यावर तोड काढली. एकजण डबा माझ्याकडे लावतो, त्याचा खोलीतला जोडीदार शालनकडे, आणि कंपनीच्या गेटाच्या आत गेले की तिची भाकरी माझ्या कालवणात बुडवतात. मला हे कळत नाही असं त्यांना वाटतं.

तर मोठं पातेलं, स्टोव्ह आणि डबे पद्माला. परात वाटणीच्या दिवशी शालनबाई रागाने माझ्याकडे टाकून गेली, ती तिला परत करावी. इथे 'परत' लिहायला माझा हात अडत नाही, कारण परात तिची हे दोघींना माहीत आहे. अडतो तो पुढच्या कलमात.

कलम पाच. बॅट. वस्तूचं वर्णन लिहा असं गुरुजी म्हणाले. लाकडाची, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने पाठ आलेली, सपाट बाजूवर खेळाडूंच्या शाईच्या सह्या. एक सही पुसली आहे. एकदा कणगीमागे उंदीर शिरला तेव्हा हाताशी दुसरं काही नव्हतं.

ती आली कशी ते ऐका. मोठ्या दुष्काळात, त्र्याहत्तर साली, दत्तोबाच्या कंपनीतले नंदकिशोर साहेब तिकिटांचं पुस्तक घेऊन आमच्या चुलीपाशी आले. म्हणाले, "आजी, दुष्काळी भागासाठी मॅच आहे. एक रुपयाचं तिकीट घ्या. दान होईल, आणि नंबर लागला तर सह्यांची बॅट मिळेल."

मी म्हटलं, "दान केल्यावर मिळतंय कसं? आन मिळालं तर ते दान कसलं?"

साहेब हसले. उत्तर दिलं नाही. अजून दिलेलं नाही.

शालनबाई थापता थापता म्हणाली, "माझा भाऊ तिकडं दुष्काळी कामावर खडी फोडायलाय. त्याला द्यायला माझ्याकडनंच घेता व्हय? घ्या बापा, घ्या."

आम्ही आपापला रुपया दिला. साहेबांनी दोन तिकिटं एकत्रच फाडून दिली. शालनचे हात पिठाचे, म्हणून दोन्ही मी माझ्या चंचीत ठेवली, पानाशेजारी. वरचं कुणाचं, खालचं कुणाचं, आम्ही बोललो नाही. दोन्ही एकाच दुष्काळाला चालली होती, बोलायचं काय त्यात?

सोडतीच्या दिवशी पिंपरीच्या मैदानावर दोघींनी जायचं ठरलं होतं. पण सेकंड शिफ्टचे डबे कोण भरणार? शालन म्हणाली, "तुमी जा, आक्का. मला तिथलं काय कळतंय." मी गेले. कर्ण्यावर नंबर ओरडले. मला तेव्हा आकडे येत नव्हते, मी दोन्ही तिकिटं साहेबांच्या हातात दिली. त्यांनी बघितली आणि ओरडले, "आजी, तुमचं लागलं!" एक ठेवलं, दुसरं टाकून दिलं. मला धरून स्टेजवर चढवलं. टाळ्या वाजल्या. मी दुष्काळाला एक रुपया दिला म्हणून वाजल्या की बॅट लागली म्हणून वाजल्या, ते मला तेव्हा कळलं नाही आणि विचारायला कोणी थांबलं नाही.

घरी आले. शालनने बॅट बघितली, हसली, हात लावून बघितला. मग म्हणाली, "माझं तिकीट कुठाय, आक्का?"

मी म्हटलं, "ते न्हाई लागलं. साहेबानं टाकलं. न लागलेलं तिकीट काय देव्हाऱ्यात पुजायचं हुतं?"

ती म्हणाली, "न लागलेलं माझंच कशावरनं?"

मी चिडले. म्हटलं, "बरं, तुझंच लागलं म्हण. घे, ने!"

"म्हणून कशाला नेऊ? असंल तर नेईन."

त्यानंतर बोलणं बंद.

तरी ते कदाचित विझलं असतं. पण पुढच्या वर्षी साहेब परत आले. म्हणाले, "आजी, ती बॅट लिलावाला द्या. डबे करणारी बाई देते हे बघून बाकीच्यांना दानाची जाणीव होईल." आमच्याकडे हनुमान जयंतीला नारळाचा लिलाव असतो. चढी बोली बोलणारा नारळ घरी नेतो, फोडतो, चार घरी वाटतो. ते मला कळतं. मी बॅट दिली, म्हटलं एकदाची ब्याद जाऊ दे. चाकणच्या कांद्याच्या बाजारातले आडते अर्जुनराव यांनी सगळ्यात वर बोली नेली. पैसे क्षयाच्या दवाखान्याला गेले. आणि अर्जुनरावांनी स्टेजवरच बॅट पुन्हा माझ्या हातात दिली!

मी म्हटलं, "अहो, पैसे टाकलेत तर माल न्या की."

ते म्हणाले, "आजी, इथं माल न्यायचा नसतो. पुण्य न्यायचं असतं."

बाजारात हा माणूस कांद्याची साल सोडत नाही. मी बॅट घेऊन बसने परत आले. त्याच्या पुढच्या वर्षी भोसरीतच लिलाव झाला, एका वर्कशॉपवाल्याने घेतली, त्यानेही परत दिली. दर वेळी पुण्य सगळ्यांना आणि लाकूड माझ्याकडे. घेणारा नेत नाही, देणाऱ्याकडून जात नाही. हा कुठला व्यवहार ते मला कोणी समजावून सांगावं.

दुसऱ्या लिलावाला कर्णा आमच्या गल्लीकडे तोंड करून बांधला होता. त्यावर सारखं चाललं होतं, "दानशूर अंबुबाई, दानशूर अंबुबाई." मी घरी आले तेव्हा शालन चुलीपुढे होती. माझ्याकडे न बघता तव्याला म्हणाली, "एक रुपया माझाबी हुता. कर्ण्याला दोन नावं घ्यायला काय दुखत हुतं?"

ते वाक्य मी पाच वर्षं उलटंपालटं करते आहे. बॅट माझी असली, तर ती कशाला रुसली? आणि तिची असली, तर स्टेजवर मी दिलं ते तिचं दान, मला वाजलेल्या टाळ्या तिच्या, आणि दवाखान्यातल्या माणसांनी दुवा दिला असेल तर तोही तिचा. मग मी त्या स्टेजवर कोण होते? हमाल? कधी वाटतं तिचं लागलं. भाकरी करपून डोकं तापलं की वाटतं माझं लागलं. दोन तिकिटांपैकी एक साहेबांच्या बुटाखाली गेलं आणि त्याच्याबरोबर खरं काय तेही गेलं.

आता साहेबांना ती बॅट कंपनीच्या गेटाजवळ काचेच्या कपाटात ठेवायची आहे, खाली पाटी, येणाऱ्याजाणाऱ्याला दानाची आठवण राहावी म्हणून. दत्तोबा म्हणतो, "आई, दे की. तुझं नाव राहील." मी म्हटलं, "नाव राहील रे, पण कुणाचं?" तेव्हा बॅट कंपनीला नाही, दत्तोबाला नाही, तिसऱ्या लिलावालाही नाही. ती शालनबाईकडे जावी एवढं माझं ठरलं आहे.

पण जावी कशी?

गेल्या महिन्यात धोतराच्या फडक्यात गुंडाळून पद्माच्या हातून पाठवली होती. शालनबाईने उंबऱ्यातूनच विचारलं, "दिली म्हनतात का परत केली म्हनतात? आधी इचारून ये." पद्मा बॅट घेऊन माघारी आली. दिली म्हणावं तर ती म्हणणार, माझीच मला देणारी ही कोण? परत केली म्हणावं तर सात वर्षं मी दुसऱ्याची वस्तू दाबून बसले असं माझ्या तोंडाने ठरतं, आणि ते मला माहीत नाही तर मी कबूल कसं करू? मी म्हटलं, "सांग, ठेवायला दिली." पद्मा गेली आणि आली. "आत्याबाई, त्या म्हनतात ठेवायला जागा न्हाई."

गुरुजींचा नमुना काढून बघितला. त्यात 'बक्षीस देत आहे' असं छापलंय. बक्षीस म्हणून लागलेल्या वस्तूचं पुन्हा बक्षीस कसं देतात? गुरुजी चष्मा पुसत बसले. म्हणाले, "अंबुबाई, 'देते' लिहा, कायद्याला तेवढं पुरतं." मी म्हटलं, "कायदा माझ्या भिंतीपलीकडे राहत नाही."

म्हणून असं लिहिते.

सह्या असलेली, एक सही पुसलेली, लाकडी बॅट मी शालनबाई यांना ................................

इथे जागा मोकळी आहे. शाई संपलेली नाही, मी मुद्दाम सोडली आहे. गुरुजी म्हणतात अशी जागा सोडली तर हे कलम कोर्टात उभं राहणार नाही. न राहो. बाकीची चार कलमं उभी राहिली तरी घर चालतं.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि दोन साक्षीदारांसमोर सही केली. शालनबाईला यात मिळायचं आहे म्हणून ती साक्षीदार चालत नाही असं गुरुजी म्हणाले. नाहीतर खरी साक्षीदार तीच होती.

ठिकाण : भोसरी
दिनांक : ९ मार्च १९८०

सही : अंबुबाई रखमाजी कड

साक्षीदार :
१. श्रीपाद वामन दीक्षित, शिक्षक, प्रौढ शिक्षण वर्ग, भोसरी
२. भिमाबाई सखाराम गवारे, त्याच वर्गातली. हिची सहीच आहे, अंगठा नाही.

सहीच्या खालचं लिहिणं धरत नाहीत म्हणे. तरी लिहिते. हा कागद ट्रंकेत ठेवायचा नाही. मी मेल्याची वाट बघायची नाही. गुरुजींनी आज दुपारीच शालनबाईच्या दारात बसून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायचा. मी भिंतीच्या अलीकडे जागी असेन. मोकळ्या जागेत कुठला शब्द घालायचा ते दत्तोबाने सांगायचं नाही, साहेबांनी नाही, गुरुजींनी तर नाहीच. शालन, उत्तर तू द्यायचंस. निरोप पाठवायचा नाही, तव्याशी बोलायचं नाही. इकडे येऊन माझ्याकडे बघून सांगायचंस.