मागचा कार्बोरेटर

चिकलठाणा,
१९ नोव्हेंबर

प्रिय ज्ञानू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, घरी सगळे धड आहेत. तुझी आई ठणठणीत आहे. मीही आहे. खिशात फोन असताना अण्णांना पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली, असं म्हणशील. त्याचं कारण आहे, पण ते लिहायला मला थोडा दम लागेल. पाकीट फुगलंय, कारण आत कागदाखेरीज आणखी एक वस्तू आहे. ती आत्ता काढू नकोस, आधी पत्र वाच. तुला घाई फार. लहानपणी सायकलचं पंक्चर काढायला बसायचीस तेव्हासुद्धा सोल्यूशन वाळेपर्यंत तुला दम निघायचा नाही.

बातमी अशी, की अप्पारावांच्या त्या जुन्या, दोन सीटच्या विलायती एमजीचं इंजिन पुन्हा बांधून झालं. विलायतेहून पिस्टन यायला चार महिने लागले. क्रँक घासून आणली, व्हॉल्व्ह नवे बसवले, आणि परवा इंजिन गाडीत चढवलं. तेल भरलंय, पाणी भरलंय, बॅटरी चार्ज आहे. फक्त चालू केलेलं नाही. तुझी आई दोनदा गॅरेजात डोकावून गेली, 'समदं झालंय तर अडलंय कुठं?' मी म्हटलं, मुहूर्त बघतोय. तिनं माझ्याकडे असं बघितलं की विचारू नकोस. बत्तीस वर्षांच्या संसारात मी कधी मुहूर्त बघितलेला नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक आहे!

पण तारीख मात्र खरोखर ठरलीय. अकरा डिसेंबरला अप्पारावांना पंच्याऐंशी पूर्ण होतात. त्या दिवशी त्यांना एमजीत बसून अजिंठ्याचा घाट उतरून सोयगावच्या शेतावर जायचंय, आणि तोच घाट चढून परत यायचंय. गाडी चालवणं त्यांनी कधीच सोडलंय, शेजारी बसतात. उजव्या डोळ्यानं आता दिसत नाही, डावाही अधू होत चाललाय. मला म्हणाले, 'पुढच्या साली घाट दिसंल का नाय, कुणाला ठाव. दिसतोय तवर दाखव बाबा.' आता असं म्हटल्यावर माणसानं काय करावं? मी हो म्हणून बसलोय.

तू त्या गाडीच्या बॉनेटवर बसून 'अ आ इ' गिरवलीस, त्यामुळे ती माझ्याकडे कशी आली ते तुला पाठ असेल. तरी लिहितो, लिहायला बरं वाटतं. मी सोयगावहून आलो तेव्हा अठरा वर्षांचा होतो. मेंढरांमागं फिरणं सोडून क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत मन्नान उस्तादांच्या हाताखाली लागलो. तुझे आजोबा मुंजाबा यांना वाटलं, पोरगं वाया गेलं. उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात मला अप्पारावांच्या लाल एमजीसमोर उभं केलं. दोन कार्बोरेटर, पुढचा आणि मागचा. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात, आणि डोळे मिटायचे. 'आँखां मूँद ले रे सांडू, कानां से देख.' आत बारीक 'स्स्स' असा आवाज येतो. दोन्हीकडचा आवाज जुळला की गाडी जुळली. उस्तादांना वाटलं होतं मला शिकायला वर्ष लागेल. मला दुसऱ्या दिवशी आलं. कळपात कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं, हे मुंजाबा नुसत्या ओरडण्यावरून सांगायचे. कान मला घरातूनच मिळाला होता. त्याचा मला माज होता, ज्ञानू. आज लिहून टाकतो.

आता गेल्या वर्षीच्या दिवाळीचं. तू पुण्याहून ती चंदेरी सिव्हिक घेऊन आलीस, टर्बो स्वतःच्या हातानं बसवलेली. मी सायलेन्सरचा आवाज ऐकून म्हणालो, मिक्सर आणलास का गं आईला? तू हसलीस, मला शेजारी बसवलंस आणि विमानतळाच्या पुढं रस्ता मोकळा मिळाल्यावर पाय दाबलास. माझी टोपी मागच्या सीटवर गेली. घरी येईपर्यंत मी तोंडातून शब्द काढला नाही आणि तू समजलीस, अण्णांना आवडली नाही. आवडली होती. लई आवडली होती. माझ्या एमजीला तापायला पाच मिनिटं लागतात, ती रुसते, तिची मनधरणी करावी लागते, आणि त्या मनधरणीतच माझं आयुष्य गेलं. तुझी जपानी गाडी बटण दाबलं की तयार, एमजीच्या तिप्पट ताकद, आणि वर चालवणाऱ्याच्या चार चुका पोटात घालते. मला त्या दिवशी तिचा हेवा वाटला. गाडीचा हेवा वाटतो का कुणाला? मला वाटला.

आणि मग तू बॉनेट उघडून इंजिनाच्या अंगाला बोल्टनं आवळलेला तो अंगठ्याएवढा सेन्सर दाखवलास. म्हणालीस, 'अण्णा, हा हिचा कान. आत ठोका पडायला लागला की हिला तुमच्या-आमच्या आधी ऐकू येतं, मग ही स्वतःच सांभाळून घेते.' तेव्हा मी काय बोललो ते तुला आठवत असेलच. ज्याला स्वतःचे कान नाहीत त्याला असले कान विकत घ्यावे लागतात, असं बोललो. तरी तू चिडली नाहीस. दुसऱ्या दिवशी मी एमजी चालू केली तेव्हा तू तुझी पेटी आणलीस, सायलेन्सरात नळकांडं घातलंस, तापमानाची ती बंदूक एक्झॉस्टवर धरलीस, आणि लॅपटॉपवरची खाली घसरलेली रेघ दाखवून हळूच म्हणालीस, 'मागचा कार्बोरेटर पेट्रोल कमी देतोय. चढावर लोड आला की पिस्टन जाईल.' गॅरेजात दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मी तुझा लॅपटॉप मिटला आणि म्हणालो, माझ्या गॅरेजात हे यंत्र पुन्हा आणायचं नाही. तू भाऊबीजेच्या आधीच पुण्याला निघून गेलीस. या दिवाळीला आलीच नाहीस.

जानेवारीत आम्ही घाटात गेलो. जाताना उतार, काही कळलं नाही. परत येताना भर दुपारी, अर्धा घाट चढलो असू, अप्पाराव म्हणाले, 'सांडू, हे काय वाजतंय रं? टाचणी आपटावी तसं?' मी कान दिला. काही वाजत नव्हतं. म्हटलं, काय नाय वाजत अप्पा, वारा आहे. दोन वळणं गेली आणि सायलेन्सरातून निळा धूर आला. चौऐंशी वर्षांच्या माणसाला जो ठोका ऐकू आला तो मला आला नव्हता. त्या क्षणीच मला कळायला हवं होतं. कळलंही होतं बहुतेक. पण मी त्यांना सांगितलं, पेट्रोल खराब होतं, हल्ली काय काय मिसळतात त्यात. टेम्पोत घालून गाडी आणली. हेड उघडलं तर तिसऱ्या पिस्टनला बोट जाईल एवढं भोक पडलेलं. मागच्या कार्बोरेटरचाच सिलिंडर. तू बोट ठेवलं होतंस तिथंच.

तो पिस्टन मी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला आणि आठ महिने कुणाला दाखवला नाही. सप्टेंबरात एकदा तुझी आई माझा हात धरून मला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. टीव्हीच्या आवाजावरून आमची रोज जुंपायची, ती कंटाळली होती. तिथं एका बंद खोलीत बसवलं, कानावर मोठाले हेडफोन लावले आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. आधीच्या आवाजांना मी पटापट बटण दाबलं. मग बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं मशीन बिघडलं. मशीन चालू होतं. डॉक्टरांनी कागद पुढं ठेवला. त्यावर एक रेघ होती, अर्ध्यापर्यंत सरळ आणि पुढं घाट उतरावा तशी खाली. म्हणाले, जाडे आवाज ठीक आहेत, बारीक आवाज गेलेत, सात-आठ वर्षांपासून जात असतील. ज्ञानू, तशीच रेघ तू मला दाखवली होतीस. मी तेव्हा मिटून टाकली. ही मिटता येईना.

नळीतला तो 'स्स्स' बारीक आवाज असतो. म्हणजे कितीतरी वर्षं मी नळी कानाला लावून आठवणीतलाच आवाज ऐकत होतो. डॉक्टरांकडून आल्यावर दोन दिवस गॅरेज उघडलं नाही. रडलो, हेही लिहितो. मग तिसऱ्या दिवशी फडक्यातला पिस्टन घेतला, अप्पारावांकडे गेलो आणि तो त्यांच्या हातात ठेवला. पेट्रोल चांगलं होतं, चूक माझी होती, पोरीनं आधी सांगितलं होतं, सगळं सांगितलं. त्यांनी त्या भोकातून बोट फिरवलं. म्हणाले, 'मला घाटातच कळलं होतं रं. म्हटलं, सांडू सांगंल तवा सांगंल.' आणि पिस्टन माझ्या हातात परत देत, 'माझा डोळा गेला, तुझा कान गेला. गाडीला कुणीतरी धडधाकट नको का? पोरीला बोलव.'

दोन महिने होत आले त्याला. रोज ठरवायचो, आज फोन करतो. पण खरी अडचण तिथंच आहे, आणि हे पत्र त्यासाठीच लिहितोय. वर्षभर तुझा फोन आला की मी दोन शब्द बोलून तो तुझ्या आईकडे देतो. तू तिला विचारलंस, अण्णा अजून रागावलेत का? नाही गं. तुझा आवाज बारीक आहे, लहानपणापासून तसाच. फोनवर तू बोलतेस ते मला गुणगुणल्यासारखं येतं, शब्द लागत नाहीत. चुकीचं काही बोललो तर तुला कळेल, या भीतीनं मी फोन देऊन टाकायचो. माझी लाज लपवायला मी तुला वर्षभर राग दाखवला. पुढच्या आठवड्यात कानाचं मशीन येतंय, तेही तुझ्या गाडीसारखंच जपानी निघालं, आता हस पोटभर. डॉक्टर म्हणतात, त्यानं माणसांचं बोलणं ऐकू येईल, कार्बोरेटरचं सांगता येत नाही. मला माणसांचं पुरे आहे. आता पाकिटातली वस्तू काढ. ती उस्तादांची नळी आहे. नव्या इंजिनाचा पहिला स्टार्ट असला की आपल्याकडे एकच माणूस ऐकतो आणि बाकीचे गप्प उभे राहतात, हे तू बघितलेलं आहेस. पाच तारखेला, शनिवारी ये. पेटी, लॅपटॉप, ते नळकांडं, सगळं घेऊन ये. आधी नळीनं ऐक, मग यंत्र लाव, आणि दोघांचं जुळतं का ते मला सांग. मी चावी फिरवीन आणि गप्प उभा राहीन. अकराला अप्पारावांना घाटात तू घेऊन जा. एमजीत जागा दोनच, तेव्हा मी तुझ्या सिव्हिकमधून मागोमाग येतो. चावी ठेवून जा म्हणजे झालं. आणि आलीस की दारातूनच हाक मार, जरा मोठ्यानं.

तुझाच,
अण्णा